मनगटावरच्या फिक्सेटरच्या पिना: या चुका टाळा

मनगट मोडलं आणि हाड जागेवर धरायला बाहेरून फ्रेम (फिक्सेटर) बसवली की घरातल्या सगळ्यांचा डोळा पिनांवर. बहुतेक वेळा दोन पिना तर्जनीच्या रेषेत तळहाताच्या हाडात असतात, दोन मनगटाच्या वर रेडियसमध्ये, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या अंगठ्याकडच्या हाडात. साधारण ६ आठवडे हे लोढणं वागवायचं असतं. त्या काळात घोळ होतो तो निष्काळजीपणाइतकाच अतिकाळजीनेही.

एकाच बोळ्याने चारही पिना पुसणं ही सर्रास होणारी चूक. एकीजवळचे जंतू आपणच दुसरीकडे नेऊन पोचवतो. आधी हात साबणाने धुवा. प्रत्येक पिनेला गॉझचा नवा निर्जंतुक तुकडा घ्या, सांगितलेल्या सलाइनमध्ये किंवा क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकात भिजवा आणि पिन कातडीत शिरते तिथून बाहेरच्या बाजूला पुसत या. परत आत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड फसफसतं, म्हणून साफ झाल्यासारखं वाटतं. पण भरून येणाऱ्या पेशींनाही ते सोडत नाही. मलम, हळद, पावडर मनाने लावू नका. रोज की आठवड्यातून एकदा, खपली काढायची की ठेवायची, यावर डॉक्टरांमध्येही एकमत नाही. तुमच्या सर्जनने सांगितलं तेच करा, शेजाऱ्याच्या सर्जनने सांगितलेलं नको. खपलीला नख मात्र कधीच लावायचं नाही.

पहिले काही दिवस पिनेभोवती पाण्यासारखा किंवा किंचित गुलाबी स्राव दिसला तर घाबरू नका. घट्ट पिवळा-हिरवा पू, वास, पसरत जाणारी लाली, वाढता ठणका किंवा ताप आला, की त्याच दिवशी दाखवा. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू करणं म्हणजे दुखणं झाकून ठेवणं.

आणि बोटं! पिनांच्या नादात ती विसरली जातात. दुखतं म्हणून आठवडाभर हलवली नाहीत की सुजतात, आखडतात. मग फ्रेम निघाली तरी मूठ वळत नाही. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दिवसातून अनेकदा मूठ पूर्ण वळा, बोटं सरळ ताणा, अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावा. कोपर, खांदाही हलता ठेवा. झोपताना हात उशांवर, छातीपेक्षा उंच.

फ्रेमला धरून हात उचलू नका, ती काही हँडल नव्हे. नट सैल वाटला, पिन हलताना जाणवली, तर घरातला पाना काढू नका. जुळवून बसवलेलं हाड सरकू शकतं. फोन करा आणि तोवर हात झोळीत ठेवा.