पोळ्यानंतरची कपाशी: मोनोक्रोटोफॉसशिवाय फवारणी

पोळा झाला की जूनमधली कपाशी सत्तर दिवसांच्या आसपास येते. पाती-फुलं धरलेली असतात, पावसाची उघडीप मिळते आणि पानातला रस शोषणारे तुडतुडे वाढतात. अजूनही काही जण दुकानात जाऊन थेट 'मोनो', म्हणजे मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक, मागतात. ते आता मिळायला नको. केंद्र सरकारने २०२३ च्या आदेशाने मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के एसएल बंद केलं आणि जुना साठा संपवण्यापुरतीच सवलत दिली. भाजीपाल्यावर तर ते २००५ पासूनच बंद होतं, पण कपाशीच्या नावाने घेतलेली बाटली वांगी-भेंडीवर जायची हे गावात सगळ्यांनाच माहीत आहे.

'मोनो' आवडायचं ते दोन कारणांनी: स्वस्त, आणि मारलं की चार दिवसांत झाडाला काळोखी, म्हणजे गडद हिरवेपणा, यायची. खरी गफलत या काळोखीतच आहे. झाड लुसलुशीत होतं, नवी पालवी फुटत राहते आणि कोवळ्या पानावर तुडतुडे, पांढरी माशी पुन्हा जमतात. झाड फोफावून उंच होतं, पीक लांबतं, फुलं उशिरापर्यंत येत राहतात आणि गुलाबी बोंडअळीला तेवढं जास्त दिवस खायला मिळतं. ढालकिडा, क्रायसोपा, कोळी हे किडी खाणारे मित्रजीव आधीच मेलेले असतात. म्हणजे एका फवारणीतून पुढच्या दोन फवारण्या पदरात पडतात. अ‍ॅसिफेट या दुसऱ्या कीटकनाशकाची तऱ्हाही अशीच, म्हणून 'मोनो'च्या जागी तेच उचलून आणण्यात अर्थ नाही.

माणसाच्या बाबतीत हे द्रव्य आणखी वाईट. ते पाण्यात सहज विरघळतं आणि घामेजल्या कातडीतून शरीरात जातं, नाकातोंडात जायलाच हवं असं नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीत वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. तो दोष एकट्या 'मोनो'चा नव्हता. एकाच टाकीत दोन-तीन विषं, डोक्याएवढी कपाशी, बारीक तुषार उडवणारे पंप आणि दमट ऊन असं सगळं एकत्र आलं होतं. यातली एक बाटली बंद झाली, बाकीच्या गोष्टी शिवारात आहेत तशाच आहेत.

आधी मोजा

सकाळी एकरात फिरून २० झाडं पाहा. प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं आणि खालचं अशी तीन पानं उलटायची, किडे मोजायचे, एकूण संख्येला ६० ने भागायचं. दर पानाला सरासरी २ ते ३ तुडतुडे, १० फुलकिडे किंवा ८ ते १० पांढऱ्या माश्या भरल्या तरच फवारणी. तुडतुड्याने पानाच्या कडा पिवळ्या पडून खाली वळतात. नुसता पिवळेपणा दिसला आणि पान उलटं करून पाहिलंच नाही, तर मॅग्नेशियमच्या कमतरतेवर कीटकनाशक मारलं जातं.

पातळी ओलांडायच्या आधी निंबोळी अर्क. वाळलेल्या निंबोळ्यांचा ५ किलो भरडा ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने दोनदा गाळा, १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात घाला आणि एकूण १०० लिटर करा. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर मारा; शिळा अर्क आणि दुपारचं ऊन दोन्हींनी गुण जातो. गाळणी नीट झाली नाही तर नोझल तुंबतं आणि माणूस तोंडाने फुंकायला जातो. हे विषारी औषधाच्या वेळीही सवयीने होतं, म्हणून खिशात जुना टूथब्रश ठेवा.

अर्काने भागलं नाही तर फ्लोनिकामिड ५० टक्के डब्ल्यूजी (पाण्यात मिसळायचं दाणेदार कीटकनाशक) एकरी ६० ग्रॅम. एकराला २०० लिटर पाणी धरलं तर १५ लिटरच्या पंपाच्या साधारण १३ टाक्या, म्हणजे टाकीला साडेचार ग्रॅम. पॉवर पंपाला पाणी कमी लागतं. तिथे आपल्या एकराला प्रत्यक्ष किती टाक्या लागतात ते आधी साध्या पाण्याने मोजा आणि ६० ग्रॅमला त्या संख्येने भागा. मात्रा एकरावर ठरते, बाटलीच्या टोपणावर नाही.

गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे सापळे. सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज ८ ते १० पतंग आले, किंवा २० झाडांवरची एकेक हिरवी बोंडं फोडून दोनांत अळी निघाली, तर उपाय करायचा. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली डोमकळी दिसली की तोडून तिथेच आतली अळी चिरडा. बोंडात शिरलेल्या अळीला वरून काहीही पोचत नाही. नोव्हेंबरच्या आधी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं नकोत, पांढरी माशी भडकते.

टाकीत एका वेळी एकच कीटकनाशक. त्यात टॉनिक, विद्राव्य खत आणि दुसरं कीटकनाशक घालून 'कॉकटेल' केलं तर फवारणाऱ्याला काय बाधलं हे डॉक्टरलाही कळत नाही.

फवारणाऱ्यासाठी

८० ते ९० दिवसांना शेंडे खुडले तर उंची आटोक्यात राहते. नोझल डोक्याच्या वर धरावं लागत असेल तर त्या कपाशीत विष फवारूच नका. वारा पाठीशी किंवा बाजूने असावा, भिजलेल्या ओळीत पुन्हा शिरू नये. पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, चष्मा, मास्क, बूट. भिजलेला कपडा अंगावर ठेवणं सगळ्यात घातक, कारण ते कातडीवर विषाची पट्टी बांधल्यासारखं होतं. पंप गळत असेल तर पाठ भिजते, म्हणून वायसर आणि पट्टे आदल्या दिवशी पाहा. उपाशीपोटी काम नको, मधे तंबाखू-बिडी नको.

प्रोफेनोफॉससारखी 'मोनो'च्याच ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं अजून विकली जातात, त्यामुळे लक्षणं ओळखता आली पाहिजेत: खूप घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, मळमळ, पोटात मुरडा, अंधूक दिसणं, स्नायू फडफडणं, छाती भरून येणं. काम थांबवा, कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा, १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाला काही पाजू नका, उलटी करवू नका, एका कुशीवर झोपवा. बाटली सोबत न्या. या गटावर अ‍ॅट्रोपिनचा उतारा आहे, पण औषधाचं रासायनिक नाव कळलं तर तो वेळेत सुरू होतो.

जुनी बाटली

गोठ्यात, माळ्यावर 'मोनो' उरलेलं असेल तर 'वाया कशाला घालवायचं' म्हणून सोयाबीनवर मारू नका. तिथे मेलेल्या अळ्या पक्षी टिपतात. अर्जेंटिनात १९९५-९६ च्या हंगामात नाकतोड्यांवर हे फवारल्यावर हजारो शिकारी पक्षी मेले होते. बाटली विहिरीत, नाल्यात रिकामी करू नका. झाकण घट्ट लावून, लेबल तसंच ठेवून, कुलपात ठेवा आणि परत घेण्याबद्दल दुकानदाराला व तालुका कृषी कार्यालयाला विचारा.

इतर औषधांच्या रिकाम्या बाटल्या तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, मग बाटलीला भोकं पाडा. तेल, रॉकेल, पाणी यांसाठी ती घरात शिरता कामा नये. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या माध्यान्ह भोजनाने २३ मुलं दगावली, त्या स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं होतं.

खरेदी करताना पक्कं बिल घ्या. त्यावर बॅच क्रमांक आणि अंतिम मुदत हवी. मोठ्या अक्षरातलं विक्रीचं नाव सोडून खालचं रासायनिक नाव वाचा. तिथे मोनोक्रोटोफॉस असेल, किंवा लेबलच खरवडलेलं असेल, तर पैसे देऊ नका आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे दुकानाच्या नावासह लेखी तक्रार द्या.