मनाचा रोजमेळ: फोनमध्ये तीन ओळींची खासगी वही कशी ठेवावी

माझे वडील जळगावच्या दाणाबाजारात एका आडत दुकानात दिवाणजी होते. संध्याकाळी रोजमेळ बसल्याशिवाय ते चपला पायात घालत नसत. आरंभीची शिल्लक, जमा, नावे (म्हणजे खर्च), अखेरची शिल्लक. मेळ बसला की वही लाल फडक्यात बांधायची आणि सायकल काढायची. त्या वहीत 'आज फार दमलो' असं एकदाही लिहिलेलं नसेल, पण वही मिटली की त्यांचा चेहरा सैल व्हायचा.

डायरी लिहायचे माझे प्रयत्न पानापानांच्या नादात वाया गेले. जानेवारीत जाडजूड वही, फेब्रुवारीत तिच्यात दूधवाल्याचा हिशेब. मग फोनवर एक सजवलेलं ॲप घेतलं. ते रोज हसरे-रडके चेहरे दाखवून 'आज कसं वाटतंय' विचारायचं आणि एक दिवस चुकला की सलग दिवसांचा आकडा शून्यावर आणायचं. अकराव्या दिवशी काढून टाकलं. शेवटी टिकला तो वडिलांचाच साचा: तीन ओळी, रोज, आणि त्या दुसऱ्या कुणासाठी नाहीत. गेली चार वर्षं चालू आहे. कसं करायचं ते सांगतो.

आधी कुलूप

बहुतेक जण लिहायला आधी लागतात आणि कुलूप नंतर शोधतात. आपल्याकडे हे उलट हवं. खानदेशातल्या घरात फोन एकट्याचा नसतो. पोरं गेम खेळतात, आई बहिणीला व्हिडिओ कॉल लावते, बायकोचं बोटही फोनच्या कुलपात नोंदलेलं असतं. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घर पाहुण्यांनी भरलं होतं. पुतण्याने माझा फोन घेतला, पडद्यावरच ठेवलेली नोंद त्याला दिसली आणि पोराने वर्गात धडा वाचावा तशी मोठ्याने वाचली: 'पाहुणे कधी जातील असं झालंय.' पाहुणे समोरच बसलेले. आमरस तसाच वाटीत राहिला. त्यानंतर सहा महिने मी वहीत फक्त गोड गोड लिहीत होतो, म्हणजे खोटं लिहीत होतो. कुणी वाचेल ही धाकधूक असली की हात आपोआप चांगुलपणाचं लिहितो, आणि तसल्या लिहिण्याने डोकं हलकं होत नाही.

म्हणून पहिल्या दिवशी एक अक्षरही लिहू नका. अर्धा तास काढून एवढं करा.

सॅमसंगच्या बहुतेक फोनांत 'सिक्युअर फोल्डर' असतो. तो चालू करा, त्याला फोनपेक्षा वेगळा पिन द्या आणि वहीचं ॲप त्यात ठेवा. अँड्रॉइड १५ पासून काही फोनांत 'प्रायव्हेट स्पेस' नावाने तशीच सोय आली आहे. आयफोनच्या नोट्समध्ये एकेका नोंदीला कुलूप लावता येतं. यातलं काहीच नसेल तर पासवर्ड मागणारं साधं टिपणवहीचं ॲप शोधा. पिन मात्र लग्नाची तारीख किंवा गाडीचा नंबर नको. घरातल्यांना तो पहिल्या तीन प्रयत्नांत सापडतो.

पोराच्या हातात फोन द्यायचाच असेल तर अँड्रॉइडच्या सेटिंगमधलं 'ॲप पिनिंग' चालू करा, त्यातला पिन मागण्याचा पर्यायही. त्याने गेम पडद्यावर अडकून राहतो आणि बाहेर यायला पिन लागतो. माझ्या मते यादवी टाळणारी यासारखी दुसरी सोय फोनमध्ये नाही.

दोन चोरवाटा राहतात. पहिली कीबोर्डची. तुम्ही वारंवार टाइप केलेले शब्द तो शिकतो आणि दुसऱ्याने फोन हातात घेतला की तेच सुचवतो. गूगलचा कीबोर्ड असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये शिकलेले शब्द पुसायची सोय आहे, सुचवणी बंदही करता येते. दुसरी वाट बॅकअपची. नोंद आपोआप खात्यावर चढत असेल आणि तेच खाते घरच्या टॅबवर किंवा दुकानाच्या संगणकावर उघडं असेल, तर फोनचं कुलूप फुकट गेलं.

कुठे लिहायचं

पुष्कळ जण व्हॉट्सॲपवर स्वतःलाच निरोप पाठवून लिहितात. २०२२ च्या अखेरीस ही सोय आली, २०२३ मध्ये गप्पांना कुलूपही आलं. सोपं आहे, पण मला पटत नाही. बाजारभावाचे गट, लग्नपत्रिका, गुड मॉर्निंगची फुलं या गर्दीतून वाट काढत मनातलं लिहायला जायचं म्हणजे आठवडे बाजारात बसून जपमाळ ओढणं. शिवाय एक बोट चुकलं तर नोंद थेट भाऊबंदांच्या गटात.

मी साधी मजकुराची फाइल वापरतो, महिन्याला एक. नाव वर्षापासून सुरू करतो: २०२५-०६, २०२५-०७. म्हणजे फायली आपोआप क्रमाने लागतात. रंग नाही, फोटो नाही, ठळक-तिरपी अक्षरं नाहीत. साध्या मजकुराचा खरा फायदा असा, की ॲप उद्या बंद पडलं तरी फाइल कुठल्याही फोनवर उघडते. फोन आणि संगणक दोन्हीवर लिहायचं असेल तर जॉप्लिन हे मोफत ॲप चांगलं आहे. ते फोनपुरतंही चालतं. दोन यंत्रांत जोडणार असाल तर त्याची नोंदी कूटबद्ध करण्याची, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येऊ नयेत अशा करण्याची, सोय स्वतः चालू करावी लागते, ती आपोआप चालू नसते. तिचा पासवर्ड जपून ठेवा. विसरलात तर नव्या यंत्रावर जुन्या नोंदी उघडणार नाहीत.

महिन्यातून एकदा फाइल पेनड्राइव्हवर घ्या, पासवर्ड लावून. फोन चोरीला जातो, विहिरीत पडतो. मे महिन्यात मोटारसायकलच्या टाकीवरच्या पिशवीत राहिला तर तापून बंदही पडतो.

तीन ओळी

जमा, नावे, शिल्लक.

जमा म्हणजे आज माझ्याकडे काय आलं. उपकार मानायची यादी नव्हे, जे आलं ते. 'यावलहून येताना एसटीत खिडकी मिळाली, सातपुड्यावर पाऊस दिसला.' एवढं पुरे. काहीच आलं नसेल तर 'जमा निरंक' लिहा. वडिलांच्या वहीतही तसे दिवस असायचे.

नावे म्हणजे आज जीव कुठे खर्च झाला. ही ओळ अवघड, कारण इथे खरं नाव घालावं लागतं. 'दिवस वाईट गेला' हे नाव नव्हे. 'दादाशी बोलताना आवाज चढला. विषय ठिबकच्या नळ्यांचा होता, राग मागच्या वर्षीच्या वाटणीचा' हे नाव झालं. पहिल्यांदा लिहाल तेव्हा पहिला अर्धाच भाग उतरेल. मग स्वतःला एकदाच विचारा, 'आणि खरं काय?' एकदाच. तीन-चारदा विचारलंत की त्याचं चऱ्हाट होतं आणि रात्रीचा एक वाजतो.

शिल्लक म्हणजे उद्यावर काय राहिलं. 'पैशांचं बघायला हवं' असं नको. 'सोमवारी ११ वाजता तलाठ्याकडे, सातबारा' असं हवं. या ओळीला आधारही आहे. अमेरिकेत बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर एक प्रयोग झाला, तो २०१८ मध्ये छापून आला. निम्म्यांनी झोपण्यापूर्वी ५ मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिली, निम्म्यांनी झालेल्या कामांची. पुढच्या कामांची लिहिणाऱ्यांना सरासरी ९ मिनिटं आधी झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. राहिलेलं काम डोक्यात गिरमिटासारखं फिरतं. कागदावर उतरलं की थांबतं.

भाषा? ज्या भाषेत चिडता त्या भाषेत लिहा. मी नावेची ओळ अहिराणीत लिहितो. 'मला कंटाळा आला' असं लिहिलं की ते अर्जासारखं दिसतं. 'माले भलता कटाळा उना' लिहिलं की खरंच आलेला असतो. कीबोर्ड असे शब्द दुरुस्त करू पाहील, आपोआप दुरुस्ती बंद ठेवा. टाइप करणं जड जात असेल तर माइकचं बटण दाबून बोला, मराठी बऱ्यापैकी उतरते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, त्यांचे शब्द उतरवून घेतले म्हणून ते आपल्यापर्यंत आले. तुमच्या आईला वही ठेवायची असेल तर आता उतरवून घेणारा तिसरा माणूस लागत नाही. बोलताना मात्र दार लावून घ्यावं, खोलीत कोण आहे हे फोनला कळत नाही.

कधी

वेळ ठरवू नका, खुंटी ठरवा. रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला वही टांगायची. माझी खुंटी फोन चार्जिंगला लावणं. रावेरकडचा एक केळीवाला मित्र रात्रपाळीच्या विजेवर मोटार चालू करायला जातो. पाणी शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचेस्तोवर बांधावर बसून तो तीन ओळी लिहितो. उन्हाळ्यात गच्चीवर झोपत असाल तर पडद्याचा उजेड अगदी कमी आणि पार्श्वभूमी काळी ठेवा, नाहीतर किडे आणि शेजारी दोन्ही येतात. लिहिताना फोन विमान मोडवर. एकदा का यूट्यूब उघडलं की शिल्लक उद्यावर गेली.

दिवस चुकला तर मागचं भरून काढू नका. जागा कोरी सोडा.

रविवारची खतावणी

रोजमेळातल्या नोंदी नावानिशी खतावणीत, म्हणजे प्रत्येकाचं खातं वेगळं असलेल्या वहीत, गेल्या की कुणाकडे किती थकलंय ते दिसतं. तसंच इथे. रविवारी दहा मिनिटं सात दिवसांच्या नावेच्या ओळी वाचा आणि एकच शोधा: परत परत काय येतंय? गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे 'घरात पाय ठेवताच कटकट' ही नोंद दोन आठवड्यांत सहा वेळा आली. बायकोला बोल लावायच्या बेतात होतो. जमेच्या ओळी पाहिल्या तर सहाही दिवस कामाच्या गर्दीत डबा चारनंतर खाल्लेला. आता डबा दीडला उघडतो. कटकट संपली नाही, सहावरून दोनवर आली.

तीन ओळी पुरत नसतील तेव्हा

कधी मोठं काही घडतं. मृत्यू, पीक हातचं जाणं, मोडलेलं लग्न. तेव्हा वेगळी फाइल उघडा. जेम्स पेनीबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज १५ मिनिटं मनाला लागलेल्या घटनेबद्दल लिहिलं होतं. पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पण लिहून झाल्या झाल्या त्यांना आधीपेक्षा वाईटच वाटत होतं. हे माहीत असू द्या आणि असलं लिखाण झोपेच्या तोंडावर करू नका. चार दिवसांनी थांबा. तेच ते गिरवत राहिलात आणि जीव अधिकच घाबरा होत असेल, किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेवून १४४१६ लावा. ही सरकारची मोफत टेलिमानस सेवा आहे, मराठीत बोलता येतं.

जुन्या नोंदी

दिवाळीला वहीपूजन झालं की दुकानात नवी वही सुरू होते. मीही तेव्हाच वर्षाच्या बारा फायली एकदा वाचतो. नावेच्या ओळी पुसून टाकतो, जमेच्या ठेवतो. सरकारी हिशेबात हे चालणार नाही, मनाच्या चालतं. फोनवर पुसलेली फाइल 'कचऱ्यात' काही दिवस पडून असते आणि बॅकअपमध्येही राहते. तिथूनही काढा.

या वहीचा पासवर्ड मी कुणाला दिलेला नाही. बँक, विमा, गॅस आणि वीजबिलाचे मात्र एका कागदावर लिहून बायकोकडे दिलेत, कपाटात साड्यांखाली. ही दोन खाती एकमेकांत मिसळू नका.