बेकायदा कचऱ्याचा ढीग पुन्हा होऊ नये यासाठी नगरपालिकेने काय करावे

रस्त्याकडेचा ढीग उचलायला एक दिवस पुरतो. तो परत होऊ द्यायचा नसेल तर महिनाभर पाठपुरावा करावा लागतो आणि बहुतेक मोहिमा इथेच फसतात. यंत्र येते, जागा साफ होते, फोटो निघतात; चार दिवसांत त्याच जागी पिशव्या दिसू लागतात. ढीग का होतो हे कोणी पाहिलेलेच नसते. म्हणून फावडे लावण्याआधी पुढचे काम करा.

१. ढिगात काय आहे ते पाहा

गाठ मारलेल्या लहान पिशव्या असतील तर त्या पायी येणाऱ्या आसपासच्या घरांतल्या आहेत. अशा वेळी आधी कचरागाडीची वेळ तपासा. गाडी दहाला येते आणि लोक आठला घर सोडतात, असे असेल तर कॅमेऱ्याने काहीही साधणार नाही. गाडीची वेळच बदलावी लागेल. पुठ्ठे आणि थर्मोकोल दुकानांकडून येतात, टायर गॅरेजमधून. गाद्या आणि मोडके सोफे दिसले की समजावे, मोठ्या वस्तू नेण्याची सोय नाही. फुटक्या फरशा, विटा, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या असा राडारोडा मात्र गाडीतूनच येतो, बहुधा रात्री.

ढीग मोजून ठेवा. शंकूसारख्या ढिगाची त्रिज्या गुणिले त्रिज्या गुणिले उंची, सगळे मीटरमध्ये, म्हणजे साधारण घनमीटर. ४ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच ढीग सुमारे ६ घनमीटर भरतो. तो राडारोड्याचा असेल तर वजन सात-आठ टनांच्या घरात जाते. गाडी मागवताना हा हिशेब हवाच, नाहीतर अर्धा ढीग तिथेच राहतो आणि त्यावर लोक पुन्हा टाकू लागतात.

२. पुरावा उचलण्याआधी गोळा करा

आधी लांबून, मग जवळून फोटो काढा. तारीख, वेळ आणि ठिकाण नोंदलेले असू द्या. पिशव्या उघडल्यावर पाकिटे, बिले, कुरिअरची लेबले सापडतात. सापडलेला कागद आहे त्याच जागी आधी टिपा, मग साक्षीदारांसमोर बंद पिशवीत ठेवा. पंचनाम्यात क्रमांक द्या.

इथे एक चूक वारंवार होते: लेबलावरच्या माणसाला थेट दंड. पत्ता सापडला म्हणजे कचरा त्यानेच टाकला असे सिद्ध होत नाही. त्याने पैसे देऊन तो कोणाला दिलेला असू शकतो. नोटिशीत विचारा: कचरा कोणाला दिला, कधी दिला, पावती आहे का? शेकडो ठिकाणी टाकणारा गाडीवाला याच प्रश्नातून सापडतो.

३. एका दिवसात जमिनीपर्यंत साफ करा

कामगारांना सुई न शिरणारे हातमोजे आणि जाड तळाचे बूट द्या. हे नसेल तर काम सुरू करू नका. अ‍ॅस्बेस्टॉसचे जुने पत्रे फोडायचे नाहीत. ओले करून जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे, आणि ते काम प्रशिक्षित माणसांचेच. अनोळखी पिंप उघडू नका. ढीग पेटवू तर मुळीच नका.

४. गाडीची वाट बंद करा

मोठे दगड एक तृतीयांश जमिनीत गाडा. वर ठेवलेले दगड साखळीने ओढून बाजूला केले जातात. दोन दगडांत एक ते सव्वा मीटर अंतर ठेवले तर चारचाकी शिरत नाही, चाकाची खुर्ची मात्र जाते. अग्निशमन गाडीसाठी एक खांब कुलूप काढून हलवता येईल असा ठेवा.

कॅमेरे दोन लागतात. सगळी जागा टिपणारा रुंद कॅमेरा रात्री नंबरप्लेट वाचू शकत नाही. दिव्यांच्या झोतात प्लेट पांढरी होऊन जाते. प्लेटसाठी वेगळा, अरुंद दृष्टीचा, इन्फ्रारेड कॅमेरा गाडी जिथे वेग कमी करते तिथे लावा.

५. टाकायला कायदेशीर जागा द्या, मग दंड लावा

संकलन केंद्र संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशीही उघडे हवे. दंड कायदेशीर विल्हेवाटीच्या खर्चापेक्षा ठळकपणे जास्त नसेल तर ठेकेदार तो धंद्याचा खर्च म्हणून भरून टाकतो. बांधकाम परवानगी देतानाच अनामत घ्या आणि राडारोडा केंद्रावर दिल्याच्या पावत्या आल्यावरच ती परत करा. रात्रभर पाळत ठेवण्यापेक्षा हा उपाय आम्हाला अधिक भरवशाचा वाटतो.

६. तपासणी

पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि तिसाव्या दिवशी जागेवर जा. एक पिशवी दिसली तरी त्याच दिवशी उचला, कारण पहिली पिशवी पाहूनच दुसरी पडते. अर्ध्या किलोमीटरच्या परिघातही फेरी मारा. ढीग बहुतेक वेळा जागा बदलतो. सफाईच्या कंत्राटदाराला उचललेल्या टनांवर पैसे देऊ नका. ढीग परत झाला तर त्याचा फायदाच होतो. जागा किती दिवस स्वच्छ राहिली, त्यावर बिल काढा.