मुलांना दान करायला शिकवताय? आधी या चुका टाळा

देणगीपेटी दिसली की आईबाबा स्वतःच्या पाकिटातून नोट काढतात, पोराच्या हातात कोंबतात आणि "टाक टाक, शाब्बास!" हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता कंटाळा आलाय. त्यात पोराचं काय गेलं? फटीतून कागद आत सरकवायची गंमत तेवढी कळली. २०१२ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन वर्षांच्या आतल्या मुलांवर प्रयोग केला होता, त्यात बाहेरून पुरवलेला खाऊ बाहुलीला देताना मुलं जेवढी खूश दिसली त्यापेक्षा स्वतःच्या वाटणीचा देताना जास्त दिसली. म्हणजे रक्कम अगदी किरकोळ असू दे, पण मुलाच्या स्वतःच्या डब्यातली हवी.

पण मुलाचा डबा परस्पर रिकामा करणं ही त्याहून वाईट चूक, आणि याबाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. आमच्या नात्यात एक सात वर्षांची मुलगी रंगपेटीसाठी पैसे साठवत होती. कुठेतरी पूर आला, घरातल्या मोठ्यांना वाटलं चांगली संधी आहे शिकवायची, म्हणून ती शाळेत असताना डबा उघडून सगळे पैसे मदतनिधीला देऊन टाकले आणि संध्याकाळी तिला सांगितलं, "तुझ्या नावाने दिले हं!" ती रडली नाही, काही बोललीही नाही. नंतर एकदा दप्तर आवरताना तिच्या आईला तळाशी जुना मोजा सापडला, गाठ मारलेला, आत नाणी. विचारलं तर म्हणाली, "इथले कुणी देणार नाही ना?" आणि घरात चर्चा काय, तर पोरगी कंजूष झाली! अरे, कंजूष कसली, तिच्या हिशोबाने तिच्या घरात चोरी झाली होती.

मी त्यांना आधी सगळे पैसे परत करायला लावले, सॉरी म्हणून. मग दोन डबे केले, एक तिचा आणि एक द्यायचा, आणि तिला विचारल्याशिवाय एकाही डब्याला हात लावायचा नाही असं ठरलं. दुसरा डबा कितीतरी महिने रिकामाच होता, घरचे अस्वस्थ, मला सारखे फोन, "अजून काही टाकत नाही गं ती." टाकेल ना, थांबा की! मग तिने एक नाणं टाकलं आणि "एवढंच?" असं कुणीही म्हणायचं नाही हे मी आधीच बजावून ठेवलं होतं. मोठ्यांना एका रविवारात दानशूर मूल हवं असतं, तसं होत नाही.

"दिलंस तर खेळणं घेऊन देईन" हा शॉर्टकट तर नकोच. वार्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००८ च्या प्रयोगात वीस महिन्यांच्या ज्या मुलांना मदतीबद्दल वस्तू बक्षीस मिळाली, ती नंतर कमी मदत करायला लागली, आणि ज्यांना नुसतं कौतुक किंवा काहीच मिळालं नाही त्यांच्यात तसं झालं नाही.

फोटो काढू नका, निदान ज्याला देतोय त्याचा तरी नको. भावंडांची तुलना नको. तुटकी खेळणी देऊन त्याला दान म्हणू नका, तो पसारा आवरणं झालं. "बघ बिचारे किती गरीब" असं त्या माणसांसमोर तर अजिबात बोलू नका, मूल तेच डोळ्यात घेऊन बसतं.

मोबाईलवरून पैसे पाठवून मुलाला स्क्रीन दाखवली तर लहान वयात काही कळत नाही, नाणी मोजू द्या. कुणाला द्यायचं हेही त्यालाच निवडू द्या, आपण दोन-तीन पर्याय सांगायचे, आणि त्याने पुराऐवजी जखमी कुत्र्यांना निवडलं तर नाक मुरडू नका. पैशाचं पुढे काय झालं ते दाखवता येईल अशी जागा असेल तर बरं, मी तर मुलांना शक्य असेल तिथे प्रत्यक्ष घेऊनच जाते.

आणि विचारल्यावर मूल "नाही" म्हणालं तर "बरं" म्हणायचं, झाकण लावायचं, चेहरा पाडायचा नाही. पुढच्या महिन्यात परत विचारायचं.