आउटबोर्ड इंजिन गोड्या पाण्याने धुण्यासाठी साधन कसं निवडावं

आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, थंड राहतं ते ज्या पाण्यात चालतं त्याच पाण्यावर. पंख्याच्या वरच्या बाजूला असलेल्या जाळीतून पाणी आत येतं, रबरी इंपेलर (पंपातलं पातींचं चाक) ते वर ढकलतो, सिलिंडरभोवतीच्या अरुंद वाटांमधून फिरून ते बाहेर पडतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. होडी किनाऱ्याला लागली, इंजिन बंद करून वर उचललं, की आत राहिलेलं पाणी गरम धातूवर सुकतं आणि क्षार तिथेच बसतात. न धुतलेल्या इंजिनाचा थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून पाहिला तर त्याच्या स्प्रिंगभोवती पांढुरकी खरखरीत पुटं दिसतात. नख लावलं तरी निघत नाहीत, स्क्रू-ड्रायव्हरने खरवडावी लागतात. ती पुटं थर्मोस्टॅटला नीट उघडू देत नाहीत आणि शेजारचं अ‍ॅल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं.

म्हणून खाऱ्या पाण्यातून आल्यावर त्याच दिवशी इंजिन आतून धुवायचं. हे बहुतेकांना माहीत असतं. अडतं ते साधनापाशी. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, "कुठला मफ घेऊ?" मफ म्हणजे जाळीवर बसवून नळीचं पाणी आत सोडणारे रबरी कप. माझ्या मते तो प्रश्न तिसरा आहे. आधी पाणी बघायचं, मग इंजिन, आणि त्यानंतर साधन.

पहिली पायरी: तुमच्याकडचं पाणी

कोकणात मालवण, देवबाग, हर्णै, कुठेही किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होऊ शकतं. घोटभर तोंडात घेऊन बघा. मचूळ लागलं तर त्या पाण्याने धुऊन मीठ पातळ होईल, जाणार नाही. अशा वेळी मुख्य धुलाई विहिरीच्या पाण्याने करा आणि शेवटचं पाणी नळाचं किंवा टँकरचं वापरा. त्यासाठी एक-दोन कॅन भरून ठेवले तरी काम होतं.

मग जोर बघा. २० लिटरची बादली घ्या, नळी तिच्यात सोडा आणि घड्याळ लावा. दीड मिनिटात भरली तर मिनिटाला साधारण १३ लिटर पाणी येतंय. होडीवरच्या लहान-मध्यम इंजिनाला मंद गतीवर तेवढं पुरतं. तीन मिनिटं लागत असतील तर मफचा विचार सोडून द्या. टाकी स्लॅबवर असेल तर दाब फार नसतो: १० मीटर उंचीला कुठे १ बार मिळतो, आणि बैठ्या घराची टाकी जेमतेम तीन-चार मीटरवर असते.

तिसरी गोष्ट कोकणातल्या माणसाने विसरूच नये. पाणी थेट मोटरपंपातून येतंय का? तसं असेल तर लाइट गेली की पाणी बंद. इंजिन मफवर चालू असताना असं झालं तर रबरी इंपेलर कोरडा घासतो आणि त्याच्या पाती जळायला मिनिटही लागत नाही. पाणी टाकीतून उतरत असेल तर हा धोका टळतो. मफऐवजी गोड्या पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये इंजिन उभं केलं असेल तर लाइट गेलेली कळणारही नाही.

दुसरी पायरी: इंजिनाची जाळी आणि पुस्तिका

लोअर युनिटच्या, म्हणजे पंखा आणि गिअरबॉक्स असलेल्या खालच्या भागाच्या, दोन्ही बाजूंना हात फिरवून पाणी ओढण्याची जाळी शोधा. बऱ्याच इंजिनांना ती गिअरबॉक्सच्या वर, दोन्ही अंगांना समोरासमोर असते. तिथे मफ बसतो. काही लहान इंजिनांना मात्र ती पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या खालच्या अंगाला असते. तिथे कुठलाच मफ धरत नाही, कितीही महागडा आणा. काही मोठ्या इंजिनांना नेहमीच्या जाळीखेरीज पुढे खालच्या बाजूलाही छिद्रं असतात. ती चिकटपट्टीने बंद केल्याशिवाय मफ लावला तर पंप तिथून हवा ओढतो. काम झाल्यावर पट्टी काढायची आठवण राहावी म्हणून भडक रंगाची वापरा.

जाळीचं माप डोळ्यांनी ठरवू नका. वर्तमानपत्राचा तुकडा जाळीवर दाबून धरा आणि पेन्सिल आडवी घासा. जाळीचा ठसा कागदावर उमटतो. तो कागद खिशात घालून दुकानात न्या. मफच्या रबरी कपाची कड ठशाच्या चारही बाजूंनी बोटभर बाहेर गेली पाहिजे.

पुस्तिका याच वेळी उघडा. यामाहाच्या बऱ्याच फोर-स्ट्रोक इंजिनांना खालच्या झाकणापाशी नळी जोडायचं वेगळं तोंड दिलेलं असतं आणि ते वापरताना इंजिन बंद ठेवायचं असतं. दुसऱ्या कंपन्यांची पद्धत वेगळी असू शकते, काहींना नुसता स्क्रू काढून जोडणी लावायची असते. चालू ठेवायचं की बंद, हे शेजाऱ्याला विचारून ठरवू नका, त्याचं मॉडेल वेगळं असतं. होंडाच्या २.३ हॉर्सपॉवरच्या इंजिनासारखं हवेवर थंड होणारं इंजिन असेल तर आतून धुण्याचा प्रश्नच नाही, बाहेरून धुतलं की झालं.

तिसरी पायरी: साधन ठरवा

होडी किनाऱ्यावर ओढणाऱ्या लहान मच्छीमाराला आणि १५ ते ४० हॉर्सपॉवरचं इंजिन असणाऱ्याला माझं पहिलं मत ड्रमला आहे. २०० लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम सगळीकडे मिळतो. रसायनाचा घेतलात तर आत काय होतं ते विचारा आणि दोनदा धुवा. वरचं तोंड कापून कडेला जुनी नळी उभी चिरून बसवा, म्हणजे हात कापत नाही. त्यात पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या वर येईल इतकं भरायचं. ड्रमला दाब लागत नाही, वीज लागत नाही, आणि कुठल्याही जाळीचं इंजिन त्यात चालतं. दोष दोन आहेत. आतून निघालेलं मीठ त्याच पाण्यात फिरत राहतं, म्हणून एकदा पाणी बदलून पुन्हा चालवावं लागतं. आणि टू-स्ट्रोक इंजिन असेल तर पाण्यावर तेलाचा तवंग येतो. तो खाडीत ओतू नका, वरचा तवंग जुन्या कापडाने टिपून घ्या आणि उरलेलं पाणी विहिरीपासून लांब सोडा. ड्रममध्ये उतरवण्यापूर्वी पंखा काढून ठेवलेला बरा.

मफ म्हणजे हेडफोनसारखे दिसणारे दोन रबरी कप आणि त्यांना जोडलेली नळी. घराशेजारी ट्रॉलीवर होडी असेल, नळाला जोर असेल, तर याच्याइतकं सोयीचं काही नाही. नुसत्या तारेच्या स्प्रिंगवर धरणारे मफ स्वस्त असतात, पण इंजिनाच्या थरथरीने खाली घसरतात. चौकटीचे, आरपार खिळ घालून दोन्ही कप आवळणारे घ्या. मोठ्या इंजिनाला दोन्ही कपांत पाणी सोडणारा मफ लागतो. विकत घेताना कप दुमडून बघा. दुकानात उन्हात टांगून ठेवलेल्या रबराला बारीक चिरा पडलेल्या असतात.

इंजिनाला नळी जोडायचं स्वतःचं तोंड असेल, ते इंजिन बंद ठेवून वापरायचं असेल आणि होडी पाण्यातच नांगरलेली असेल, तर मफ विकत घेऊच नका. पर्यटकांना सिंधुदुर्ग किल्ल्यावर किंवा स्कूबाला नेणाऱ्यांना हे विशेष सोयीचं. नळ लांब असेल तर गोड्या पाण्याचे कॅन आणि होडीच्या बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा पंप एवढ्यावर भागतं. इंजिन बंद असल्यामुळे पाणी संपलं तरी काही जळत नाही.

घडी होणारी ताडपत्रीची पिशवीही मिळते, ती ड्रमचंच काम करते. प्रवासात बरी, रोजच्याला टिकत नाही.

चौथी पायरी: जोडणीचे आटे

इथे सर्वांत जास्त वेळ आणि पाणी वाया जातं. परदेशी मफ आणि इंजिनांची तोंडं बऱ्याचदा अमेरिकी बागेच्या नळीच्या आट्यांची असतात: पाऊण इंची, इंचात साडेअकरा आटे. आपल्या हार्डवेअरमधले पाऊण इंची आटे ब्रिटिश मापाचे, इंचात १४. जाडी जवळजवळ सारखी असल्याने पहिला फेरा बसतो आणि जमलं असं वाटतं. पुढे आवळलं की आटे एकमेकांवर चढतात. इंजिनावरचं तोंड प्लास्टिकचं असेल तर ते कायमचं खराब होतं. टेफ्लॉन टेप गुंडाळून यावर इलाज होत नाही. मफबरोबरच त्याच आट्यांचा, दुसऱ्या टोकाला नळी चढवता येईल असा निपल मागून घ्या. नळी त्यावर चढवून स्टीलच्या क्लिपने आवळा, आत रबरी वायसर आहे ना बघा.

नळी जाळीदार विणीची, पाऊण इंची घ्या. साधी हिरवी नळी उन्हात मऊ पडते आणि वळणावर चिमटते. इंजिन चालू असताना ती चिमटली तर लाइट गेल्यासारखीच गत होते.

पाचवी पायरी: पहिली चाचणी

नवीन साधन दिवसाउजेडी, उघड्यावर आणि सोबत एक माणूस घेऊन वापरून बघा. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नका, धूर जीवघेणा असतो.

१. इंजिन सरळ उभं, गिअर न्यूट्रलमध्ये. इंजिन झटक्यात बंद करणारी सुरक्षेची दोरी हाताशी. पंख्याजवळ कुणी नाही.
२. मफ असेल तर आधी पाणी सोडा. दोन्ही कपांच्या कडांवरून थोडं पाणी सांडू लागलं की पुरवठा पुरेसा आहे असं समजा.
३. मग इंजिन सुरू करा आणि मंद गतीवरच ठेवा (इंजिनाच्या स्वतःच्या तोंडातून धुताना पुस्तिका बंद ठेवायला सांगत असेल तर सुरू करू नका). मफवर असताना रेस करायचं नाही.
४. झाकणाखालून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार बघा. काही सेकंदांत ती आली नाही तर ताबडतोब बंद करा.
५. धार आली, की पाच ते दहा मिनिटं चालू द्या. थर्मोस्टॅट साधारण ५० ते ६० अंशांना उघडतो. त्याआधी बंद केलं तर त्याच्या मागच्या वाटा नीट धुतल्या जात नाहीत.
६. आधी इंजिन बंद, मग पाणी.
७. आतलं सगळं पाणी निथळेपर्यंत इंजिन उभंच ठेवा, त्यानंतर वर उचला.

धार बारीक किंवा तुटक येत असेल तर इंजिन बंद असताना त्या छिद्रात तंगूसचा (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा) जाड तुकडा सरकवून बघा. बऱ्याचदा वाळू नाहीतर मीठ अडकलेलं असतं. तार घालू नका, आतली रबरी नळी फाटते. तंगूस घालूनही धार सुधारली नाही तर इंपेलर पाहण्याची वेळ झाली. कर्ली नदीच्या मुखासारख्या वाळूच्या पाण्यात रोज चालणाऱ्या इंजिनाचा इंपेलर लवकर झिजतो. एक जादा इंपेलर आणि दोन रबरी वायसर मफच्याच पिशवीत ठेवा.

मासेमारीवरची पावसाळी बंदी १ जूनला लागते. मे महिन्यातली शेवटची धुलाई वर्षातली सर्वांत महत्त्वाची, कारण त्यानंतर इंजिन किमान दोन महिने उभं राहणार असतं. नेमकी तेव्हाच विहीर मचूळ असते, म्हणून त्या दिवसापुरतं नळाचं पाणी आदल्या रात्री ड्रममध्ये भरून ठेवा.