ट्रान्समीटरमधून भलतेच सिग्नल येतायत? आधी या चुका टाळा

घरी बनवलेला ट्रान्समीटर चालला रे चालला की लगेच अँटेना जोडायची घाई, आणि दुसऱ्या बँडवरून कोणी ओरडलं की ठरलेलं उत्तर, 'फिल्टर तर लावलाय!' लावलायस रे, पण कसा?

पहिली चूक मी स्वतः केलीये म्हणून जरा सविस्तर. ७ मेगाहर्ट्झचा ५ वॉटचा सेट, डमी लोडवरून (अँटेनाच्या जागी लावायचा रेझिस्टर) टॅप घेऊन, म्हणजे सिग्नलचा छोटा अंश काढून, एसडीआर डोंगलवर (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रिसीव्हर) बघितला तर २१ मेगाहर्ट्झवर, म्हणजे मूळच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीवर, ही एवढी उंच काडी. अशा पटीतल्या नको असलेल्या सिग्नलला हार्मोनिक म्हणतात. दोन संध्याकाळी फिल्टरचे टोरॉइड (रिंगवरच्या कॉइल) सोडून परत गुंडाळले, कपॅसिटर बदलले, काडी जागची हलेना. शेवटी वैतागून मध्ये आणखी १० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल मोजून कमी करणारा भाग, डीबी हे त्या प्रमाणाचं माप) घातला तर ७ चा सिग्नल बरोबर १० ने उतरला आणि २१ चा जवळजवळ ३० ने! म्हणजे ती घाण डोंगलच्याच पोटात तयार होत होती. ५ वॉट म्हणजे ३७ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत डीबी), ४० डीबीचा टॅप असला तरी उणे ३ उरतात आणि डोंगल तेवढ्यानेही गुदमरतो. आता काडी दिसली की आधी अ‍ॅटेन्युएटर, सोल्डरिंग नंतर. दोन्ही सारखेच उतरले तरच ट्रान्समीटरला शिव्या घाला.

दुसरी म्हणजे कपॅसिटरचे लांब पाय. दीड सेंटीमीटरचा पाय ही पण कॉइलच असते, वरच्या हार्मोनिकला ग्राउंडची वाट मिळतच नाही. मी पाय मुळाशी कापतो, आणि फिल्टरची इनपुट-आउटपुट वायर एकमेकींच्या शेजारून कधीच नेत नाही, नाहीतर सिग्नल फिल्टरला वळसा घालून जातो. ड्रॉवरमध्ये सापडला तो सिरॅमिक ठोकू नका, एनपी-झिरोच (तापमानाने ज्याची कपॅसिटन्स हलत नाही तो प्रकार) घ्या.

१४ चा लो-पास (ठराविक फ्रिक्वेन्सीच्या वरचं अडवणारा फिल्टर) ७ ला चालवणारे महाभाग पण भेटतात, दुसरी हार्मोनिक १४ वरच पडते ना! एसआय५३५१ (फ्रिक्वेन्सी तयार करणारी चिप) चौकोनी वेव्ह देतो, त्यात तिसरी हार्मोनिक मूळ सिग्नलपेक्षा फक्त साडेनऊ डीबी खाली असते, तेव्हा फिल्टर नंतर बघू हे चालणार नाही.

एफटी८ (कॉम्प्युटरच्या ऑडिओ टोनने चालणारा डिजिटल मोड) वाल्यांनी ऑडिओ १५०० हर्ट्झच्या वर ठेवा, म्हणजे त्याच्या पटी सेटच्या फिल्टरबाहेर पडतील, आणि लेव्हल कमी करा. ७०० वर ओव्हरड्राइव्ह केलं तर १४०० आणि २१०० पण सोबत हवेत जातात.

आणि ड्राइव्ह (आत येणारा सिग्नल) काढल्यावरही फायनलचा, म्हणजे शेवटच्या पॉवर ट्रान्झिस्टरचा, करंट बायसपेक्षा (सिग्नल नसतानाचा ठरवलेला करंट) जास्तच राहिला तर फिल्टरला हात लावू नका, फायनल बहुधा स्वतःच ऑसिलेट होतोय, म्हणजे आपणच सिग्नल तयार करतोय.