‘कथित’ लिहिताना या चुका टाळा

इंग्रजी कॉपीत ‘अलेज्ड’ दिसलं की आमच्या डेस्कवरची पोरं डोळे मिटून ‘कथित’ टाइप करतात. वीसेक वर्षं सोलापुरात बातम्या तपासतोय. माझा लाल पेन या शब्दावर झिजला तेवढा दुसऱ्या कशावर झिजला नाही.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे कोण म्हणतंय तेच गाळणं. कथित म्हणजे सांगितलेलं. मग सांगणारा कुणीतरी हवा की नको? काही वर्षांपूर्वी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून सुताच्या गाठी चोरीला गेल्या. इंग्रजी कॉपीत होतं, ‘थेफ्ट अलेज्ड बाय’ आणि पुढे मालकाचं नाव. म्हणजे तक्रार मालकाची. नव्या पोराला पान सोडायची घाई. कॉपी भाषांतराच्या ॲपमध्ये टाकली, आलं ते जरा सरळ केलं आणि सुताच्या ‘कथित चोरी’त मालकालाच बसवलं. पान मीच पास केलं होतं. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ आले. आरडाओरडा नाही. खिशातून कात्रण काढलं, माझ्या टेबलावर तळहातानं सपाट केलं, शेजारी फिर्यादीची प्रत ठेवली. “साहेब, फिर्याद मीच दिलीय की हो. माझंच सूत मी कशाला चोरू?” सकाळपासून त्यांना व्यापाऱ्यांचे फोन सुरू होते. आम्ही आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा छापला.

तेव्हापासून ‘कथित’ दिसला की मी खोडतो आणि बाजूला लिहितो, ‘कोण म्हणतं?’ उत्तर मिळालं की वाक्य आपोआप जमतं: ‘असे फिर्यादीत म्हटले आहे’, ‘असा पोलिसांचा आरोप आहे’. वाक्य लांबतं? लांबू दे.

‘कथित अपघातात दोघांचा मृत्यू.’ अरे, ट्रक उलटलाय, पंचनामा झालाय, अपघात कथित कसा? शंका घातपाताची असेल तर ‘कथित’ तिकडे लावा.

मजकुरात जपून ‘आरोप’ आणि मथळ्यात ‘अपहार करणारा लिपिक अटकेत’! पार्क चौकात चहा पिताना माणूस मथळाच वाचतो. ‘अपहाराच्या आरोपावरून लिपिक अटकेत’ मावतं, टाइप एक पॉइंट कमी करा.

‘कथित संशयित आरोपी’: एका डोक्यावर तीन टोप्या. एक ठेवा.

कोर्टानं शिक्षा सुनावली की ‘कथित’ काढा.

आणि ‘कथित लिहिलंय ना, मग केस होत नाही’ हे कुणी शिकवलं देव जाणे. अब्रुनुकसानीचं जुनं ४९९-५०० कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३५६ झालं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद. अपवाद दहा आहेत, बसून वाचा. ‘कथित’ त्यात कुठंच नाही.

राहिलं ‘कथितरित्या’. एक तर तो ‘रीत्या’, दीर्घ. आणि दीर्घ लिहिलात तरी मी खोडणारच.